लाल कोबीची साक्ष

सेलिनाच्या दारात ही गर्दी! बादल्या, किटल्या, दुधाचे कॅन. पिढ्यान्‌पिढ्या चहासारखं तपकिरी येणारं माळावरचं पाणी तिच्या झऱ्यावरून आलेल्या नळाला चक्क काचेसारखं येत होतं. ब्रदर ओबादायाने दुष्काळात प्रार्थना केली, एक सर पडली आणि हा चमत्कार झाला.

"पाप धुतलं की पाणी नितळतं!" ओबादाया गर्जत होता. भक्तांनी आणलेली अंडी नि चीज मात्र भराभर त्याच्या पिशवीत जात होतं.

शेजारी तिची जाऊ थिर्झा नुसती जळत होती. तिच्या झऱ्याचं पाणी अजून तपकिरीच. "आमच्या जाऊबाईंची पापं शिल्लक दिसतात," असं सेलिना चारचौघांत म्हणाली होती, ते तिला फार झोंबलं होतं.

तरी तिनेही चोरून सेलिनाच्या नळाचं किटलीभर पाणी आणलंच. न जाणो, आपलंही नशीब उजळेल! त्यात लाल कोबी उकडला, तर एरवी निळाजांभळा होणारा कोबी लालभडक. असा लाल रंग आणणाऱ्या सिरक्याचा तर थेंबही घातला नव्हता!

खोट सापडली या आनंदात ती शाळेच्या क्लेगबाईंकडे धावली.

"पाणी आंबट झालंय," बाई म्हणाल्या. "गिरण्यांच्या धुरातला गंधक वर्षानुवर्षं माळावरच्या दलदलीत मुरलाय. वरची दलदल सुकली, आत हवा शिरली, गंधकाचं आम्ल झालं. सरीबरोबर ते सेलिनाच्या झऱ्यात उतरलं. आम्लात दलदलीच्या मातीचा तपकिरी रंग विरघळत नाही, म्हणून पाणी नितळ. तुझा झरा खालच्या ओल्या भागातला, तो वाचला. पण तिचा नळ शिशाचा ना गं? आम्ल शिसं खातं. पाण्यातून विष पोटात जातं."

थिर्झा तशीच माघारी पळाली. सेलिनाची छोटी एफी दोन दिवस पोट धरून रडत होती.

"एफीला ते पाणी देऊ नकोस!" ती गर्दीत घुसून ओरडली.

"जळकी मेली!" सेलिना म्हणाली. लोक हसले.

"मत्सराचा सैतान बोलतोय!" ओबादाया गरजला.

"हो, जळते मी! ही तोंडावर पडावी असंच वाटत होतं मला. पण कोबीला कसला आलाय हेवा?"

आपल्या पाण्यात उकडलेल्या कोबीचा जांभळा रस तिने शेजारच्या आपल्या घरातून आणून दोन पेल्यांत ओतला. एकात स्वतःचं पाणी घातलं, रस जांभळाच राहिला. दुसऱ्यात सेलिनाचं, तर रस लालभडक. मग तिने बाईंचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं आणि ओबादायापुढे नळाचं पाणी धरलं. "घ्या ब्रदर, रोज पेलाभर तुम्हीही प्या." त्याला एकाएकी दुसऱ्या गावची प्रार्थना आठवली.

सेलिनाने एफीच्या हातातला कप हिसकावला. "तुझं पाणी देशील?" तिने खाली मान घालून विचारलं.

"पापी पाणी चालेल ना?" थिर्झाने टोमणा मारलाच, आणि बादली भरून दिली.

सांगणारा जळका असो की संत, त्याचं तोंड काय बघता? दोन पेले मांडा, आणि आपल्या डोळ्यांनी बघा.