चादरीचं दुसरं टोक

छातीचं ऑपरेशन होऊन घरी आल्यावर कडकदादांना सगळ्यात जास्त आठवण यायची ती चादरींच्या घड्या घालण्याची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारणाऱ्यांना ते म्हणायचे, दुकानाची आठवण येते. तेवढं लोकांना पटायचं.

कडकदादा हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं. त्यांची लाँड्री होती, आणि त्यांच्या हातून इस्त्री होऊन आलेला शर्ट खुर्चीवर टेकवून ठेवला तर आत माणूस असल्यासारखा ताठ बसायचा. स्वभावाने मात्र दादा अगदी मऊ. कडकपणाचं सगळं खातं बायकोकडे होतं. तिला सारी गल्ली वहिनी म्हणायची. वहिनींच्या जिभेला धार होती, पण ती धार कुणाला कापायची नाही, नुसती चुरचुरायची. डाग पाडून आणणाऱ्यांची त्या अशी हजेरी घ्यायच्या की कपडे देऊन झाल्यावरही माणसं उगाच घुटमळायची, पुढच्याची पाळी ऐकायला.

स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या चादरी त्यांच्याकडे धुवायला यायच्या. भल्यामोठ्या, पांढऱ्या, एकट्याच्या कवेत न मावणाऱ्या. रोज सकाळी वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन दोघं समोरासमोर उभे राहायचे. दोन कोपरे वहिनींच्या हातात, दोन दादांच्या. झटकायची, ताणायची, दुमडायची, आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. दादांनी आपली टोकं वहिनींच्या बोटांत द्यायची, खाली वाकून लोंबती घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. लांब असताना सुरू केलेलं वाक्य जवळ आल्यावर पुरं व्हायचं. लेकीचं लग्न त्यांनी चादरींच्या घड्या घालता घालता ठरवलं होतं. घर बदलायचं नाही हेही तिथेच ठरलं. भांडण असलं की वहिनी चादर अशी हिसका देऊन ताणायच्या की दादा दोन पावलं पुढे ओढले जायचे, आणि मग दोघांनाही हसू यायचं.

एका सकाळी ओल्या कपड्यांचं गाठोडं उचलताना दादांच्या छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. छातीचं हाड कापून डॉक्टरांनी बायपास केली. दादा घरी आले ते खोकला आला की छातीशी घट्ट धरायची एक उशी बगलेत घेऊन.

घरी करायला काही नव्हतं. खिडकीशी बसायचं, गोळ्या घ्यायच्या, सांगितलं तेवढं चालायचं. वहिनी सकाळीच दुकानात जायच्या आणि दिवस मावळायला परत यायच्या. आल्या की गोड बोलायच्या. हीच खरी अडचण होती. दादांच्या हातून कप निसटून फुटला, तर वहिनी म्हणाल्या, असू दे. गोळी घ्यायची राहिली, तर म्हणाल्या, असू दे, आता घ्या. त्या ‘असू दे’ची दादांना डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त धास्ती वाटायची. बाईने रागवायचं सोडलं म्हणजे आपलं काही खरं नाही, असं ते मनात म्हणायचे.

अखेर डॉक्टरांनी अर्धा वेळ कामाला परवानगी दिली. हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने दादांना समोर बसवून समजावलं. जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर फार वेळ धरायचे नाहीत, हे त्यांना पाठ झालंच होतं. तिने वेगळंच सांगितलं.

“दमल्यावर बसता ना दादा, तसं करू नका. तोवर उशीर झालेला असतो. दमायच्या आधी बसा.”

दमायच्या आधी कळायचं कसं, असं दादांनी विचारलं. ती म्हणाली, जीभ जड होते, माहीत असलेला शब्द आठवत नाही, फालतू गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येतं. तशी सूचना मिळाली की हातातलं काम तसंच टाकून बसायचं. काम बिचारं कुठे पळून जात नाही. दादा हसले. आयुष्यभर काम त्यांच्या पुढेच पळत आलं होतं.

पहिल्या दिवशी दुकानाच्या दारातच साबणाचा आणि वाफेचा वास आला, आणि त्यांना भरून आलं. आत गेले तर त्यांच्या जागेवर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, एक उंच बाई उभी होती. वहिनींनी मधल्या काळात तिला कामाला ठेवलं होतं. दादांना ते माहीत होतं. पण कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यात फरक पडतोच. बाई कामाला चलाख होती. हात लांब, त्यामुळे चादर जमिनीला टेकायची नाही. दोघी पटापट एकमेकींकडे येत होत्या, मागे जात होत्या. वहिनी तिला काहीतरी सांगत होत्या आणि ती जवळ आल्यावर हसली. दादांनी तोंड फिरवलं आणि काउंटरमागच्या नव्या, पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत जाऊन बसले.

गिऱ्हाइकं येऊ लागली. प्रत्येकाने तब्येत विचारली, प्रत्येकाला ऑपरेशन सांगावं लागलं. एकाने आपल्या मेव्हण्याचं सांगितलं, एकीने सासऱ्यांचं. विचारपूस ऐकून माणूस दमतो, असं आधी कुणी म्हटलं असतं तर दादांनी ती थट्टा समजली असती. दुपार व्हायच्या आत त्यांनी एकाच्या पँटला दुसऱ्याचं लेबल लावलं, आणि मग ‘बाही’ हा शब्दच त्यांना आठवेना. ते शर्टाच्या बाहीकडे बघत बसले.

हा थकवा त्यांच्या ओळखीचा नव्हता. पूर्वीचा थकवा त्यांना आवडायचा. तो संध्याकाळी यायचा, पायांतून वर चढायचा, त्याने जेवणाला चव यायची आणि झोप गाढ लागायची. तो कमावलेला असायचा. हा नवा थकवा पाऊल न वाजवता यायचा. हौदाच्या तळाचं बूच कुणी काढावं आणि बघता बघता हौद रिकामा व्हावा, तसं. दादा काउंटरची कड धरून उठायचे, बसने घरी जायचे आणि कपडेही न बदलता झोपायचे. जाग यायची तेव्हा वहिनी आलेल्या असायच्या. जेवताना दादांचे डोळे मिटायचे, नाहीतर वहिनींचे. एका घरात राहूनही दोघांची गाठ पडत नव्हती.

हळूहळू दादा शिकले. शब्द अडखळला की ते मागच्या खोलीत जाऊन पाय वर करून बसायचे. सकाळच्या वेळात इस्त्री करायची, ती बसून, आणि शर्टच; कोट नाही. कुणी तब्येत विचारली तर म्हणायचे, “टाके उसवले नाहीत अजून,” आणि पावती पुढे सरकवायचे. पण कपड्यांच्या राशीपलीकडून चादर झटकल्याचा आवाज आला की त्यांचे हात आपोआप मांडीवरून उचलले जायचे.

मग तो दिवस आला. उंच बाईने सुट्टी घेतली होती. वहिनी हातगाडी घेऊन हॉटेलात माल पोचवायला गेल्या. जाताना त्यांनी मशीनमधल्या चादरींना हात लावू नका, मी येते, एवढं सांगितलं. दादांना त्या सकाळी बरं वाटत होतं. फार दिवसांनी अंगात जुना माणूस आल्यासारखं. चांगली सकाळ किती दगाबाज असते, ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

त्यांनी मशीनचं दार उघडलं. ओल्या चादरी दोरासारख्या एकमेकींत पिळल्या होत्या. एक ओढली, दुसरी ओढली, ड्रायरमध्ये टाकल्या. त्यांना काही झालं नाही. थोड्या वेळाने वाळलेली एक चादर बाहेर काढली तेव्हा ती अंगाला ऊबदार लागली, आणि दादांना मोह झाला. वहिनी परत येईपर्यंत एक तरी घडी तयार असावी. त्यांनी चादरीचे दोन कोपरे चिमट्यांनी कपड्यांच्या स्टँडला लावले, बरोबर वहिनींच्या हातांच्या उंचीवर. उरलेले दोन कोपरे धरून मागे गेले, ताणले, आणि चालत पुढे आले.

पुढे आले तर टोकं घ्यायला कुणी नव्हतं. हे त्यांना स्टँडपाशी पोचल्यावर कळलं. हात वर धरून ते तसेच उभे राहिले आणि बूच निघालं. पाय गेले. मळक्या कपड्यांच्या ढिगावर ते बसले ते उठताच येईना. छातीत दुखत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे त्यांनी नाडी पाहिली, ती ठीक होती. फक्त ताकद नव्हती. दारावरची घंटी वाजली, कुणीतरी “दादा?” म्हणून हाक मारली, वाट पाहिली आणि निघून गेलं. ओ द्यायलाही दादांचा आवाज फुटला नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं.

वहिनी आल्या तेव्हा त्यांनी आधी चिमट्यांना लटकलेली चादर पाहिली आणि मग दादांना. त्यांचा चेहरा उतरला. छातीत दुखतंय का ते विचारलं, नाडी बघितली, पाणी पाजलं. मग त्या समोर जमिनीवर बसल्या. आता बोलणी बसणार, म्हणून दादा जवळजवळ आशेने वाट बघत राहिले.

“असू दे,” वहिनी म्हणाल्या. “मी करते.”

“अगं, एकदा रागव ना माझ्यावर.”

वहिनींनी वर पाहिलं. “काय?”

“पूर्वी रागवायचीस. आता पाहुण्याशी बोलावं तशी बोलतेस. मला वाटतं, मी मेलो आणि कुणी सांगितलंच नाही मला.”

ड्रायर घरघरत होता. वहिनींनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

“रागवायला अंगात जोर लागतो हो,” त्या म्हणाल्या. “कुठून आणू?”

आणि मग त्यांनी सांगितलं. दादा हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांना सलग झोप नव्हती. मध्येच उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते ऐकायचं, मग झोप मोडायची. एकदा उभ्याउभ्या इस्त्री करताना डोळा लागला आणि कोणाच्या तरी कोटाची बाही जळली. तो भरून द्यावा लागला, ते त्यांनी दादांपासून लपवलं. उंच बाईशी हसल्या ते खरं, पण ती घरी गेली की त्या याच ढिगावर बसून राहायच्या.

“तुम्हाला दमायची परवानगी डॉक्टरांनी दिली,” वहिनी म्हणाल्या. “मला कोण देणार?”

थकवा ही आपली एकट्याची मिळकत, असं दादा इतके दिवस धरून चालले होते. आता त्यांनी नीट पाहिलं. वहिनींचे घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यांवर आले होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. रोज समोर असून त्यांनी त्या पायांकडे पाहिलं नव्हतं.

“शटर ओढ,” ते म्हणाले.

भर दुपारी, सणासुदीचं काही कारण नसताना, त्या दुकानाचं शटर पहिल्यांदा खाली आलं. मागच्या खोलीत धुतलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांना टेकून दोघं संध्याकाळपर्यंत झोपले.

उठल्यावर दादांनीच विषय काढला. हॉटेलच्या चादरी सोडून देऊ. टॉवेल आणि अभ्रे ठेवू, चादरी दुसऱ्या लाँड्रीला जाऊ देत. वहिनींना आधी खरं वाटेना.

“तुमच्या चादरी?” त्यांनी विचारलं. म्हणजे दादांनी न सांगितलेलंही त्यांना ठाऊक होतं.

“तुझे पाय बघ आधी,” दादा म्हणाले.

हॉटेलच्या मॅनेजरने कुरकुर केली आणि शेवटी मान्य केलं. शेवटचा ढीग धुऊन वाळला तेव्हा उंच बाई कोपरे धरायला पुढे झाली, तर वहिनींनी तिला गिऱ्हाइकांकडे पिटाळलं. दादा उठले. त्यांचे हात आता पूर्वीइतके वर जात नव्हते, म्हणून वहिनींनी आपलेही खाली घेतले. चादरीचा मधला भाग जमिनीला लागला. लागू दे, असं कुणी म्हणालं नाही, पण कुणी थांबलंही नाही. दोघं चालत जवळ आले. दादांनी टोकं वहिनींच्या बोटांत दिली आणि लगेच सोडली नाहीत. तेवढी एकच घडी घालून दादा खुर्चीत जाऊन बसले, दमायच्या आधी. बाकीच्या चादरी त्या दोघींनी केल्या.

पुढे दादांची तब्येत सुधारत गेली. थंडी सरेपर्यंत ते मधे दोनदा विसावा घेऊन जवळपास सगळा दिवस दुकानात राहू लागले. दुपारी शटर अर्धं उतरायचं. गिऱ्हाइकांनी आधी तक्रार केली, मग सवय करून घेतली. वहिनींची झोप भरून निघाली तशी जीभही परत आली. दादांनी एका सदऱ्याला जास्त खळ घातली तेव्हा त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल असा उद्धार केला, आणि दादा मान खाली घालून, खुशीत, ऐकत राहिले. वाईट दिवसही यायचे. त्या दिवशी दादा फक्त अभ्रे दुमडायचे. अभ्र्याला एकच माणूस पुरतो.

एका संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले होते. वाट हॉटेलवरून जायची. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दिवा लागलेला होता आणि पडदा सरकवलेला होता. आत एक मुलगी पलंगावर चादर अंथरत होती. तिने ती झटकली. चादर हवेत फुगली, तरंगली आणि सावकाश खाली बसली. दादा रस्त्याच्या कडेला थांबले. छातीत नाही ना दुखत, असं वहिनींनी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि वर बोट केलं.

चला, उशीर होतोय, असं म्हणायला वहिनींनी तोंड उघडलं होतं. पण मग त्याही थांबल्या. वरच्या मुलीने चादर पुन्हा उचलली, कारण ती सरळ पडली नव्हती. ती एकटीच होती. पलंगाला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने फेऱ्या मारून ती कोपरे ओढत होती, आणि खाली रस्त्यावर हे दोघं, तिचं होईपर्यंत, बघत उभे होते.