बाबांनी भरलेली हवा

मित्रांनो, मी एका मोटारसायकलचा मागचा टायर. वयानं जुना, घडणीनं ट्यूबलेस. पोटात ट्यूब नाही, हवा थेट माझ्या आणि रिमच्या भरवशावर. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर खोल नक्षी होती आणि डोक्यात भलती मिजास!

माझे मालक विजेचे मीटर तपासायचे. आम्ही गल्लीबोळ पालथे घालायचो. दर रविवारी ते पायपंपानं हवा भरायचे, अंगठ्यानं दाबून म्हणायचे, "शाब्बास रे गड्या!" एकदा हा एवढा खिळा रुतला, तरी हूं की चूं न करता मी त्यांना घरी आणलं. पंक्चरवाल्या काकांनी भोकात रबराची वात खोचली आणि मी पुन्हा तयार.

मग एका रविवारी मालकांनी हवा भरली आणि त्याच आठवड्यात ते दवाखान्यात गेले. परत आलेच नाहीत.

तेव्हापासून मी जिन्याखाली. उभ्या गाडीकडे कोण बघतं? फार एकटं वाटायचं. रिमची कड गंजली आणि तिथून हवा झिरपू लागली. मालकीणबाई रोज सकाळी मला दाबून बघायच्या नि पुटपुटायच्या, "अजून यांचीच हवा आहे." पंपाला कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. त्या कामावर गेल्या की त्यांची लेक हळूच खाली यायची, पंप मारायची आणि मारता मारता रडायची. मला दोघींचं ठाऊक, पण सांगू कसं? मला तोंड एकच, व्हॉल्व्हचं, नि त्यावरही टोपी!

लेक चार दिवस मावशीकडे गेली आणि हवा उतरून मी अर्धा बसलो. मालकीणबाई घाबरल्या. त्यांनी काकांना बोलावलं. "आहे ती हवा राहू द्या, फक्त गळती थांबवा."

काकांनी साबणाचं पाणी लावलं. कडेला बुडबुडे आले. "ताई, इथे वात चालत नाही. टायर सोडवून कड घासावी लागेल. हवा सगळी काढायला हवी."

"हवा काढायची नाही!"

"अहो, नाहीतरी ती जाणारच. टायरही चिरेल."

मालकीणबाईंनी माझ्यावर हात ठेवला, तो काढेचनात. तेवढ्यात लेक बॅग घेऊन दारात आली.

"आई, ती बाबांची हवा नाही गं. ती केव्हाच गेली. वर्षभर मीच भरतेय."

मला वाटलं, आता मालकीणबाई कडाडणार.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"मग दोघी रडलो असतो! एकटीच रडत बसलीस होय गं?"

मग मालकीणबाईंनी स्वतःच टोपी काढली नि व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स करत मी पूर्ण रिकामा झालो. काकांनी कड घासली आणि यंत्रानं थोडी हवा मारून मला पुन्हा रिमवर बसवलं. बाकीची हवा दोघींनी आळीपाळीनं पायपंपानं भरली. संध्याकाळी लेकीनं गाडी काढली, आई मागे बसली. किती दिवसांनी मला रस्ता लागला!

मित्रांनो, गाडी नुसती उभी करून ठेवू नका, अधूनमधून फिरवा. साबणाचं पाणी लावून गळती शोधा. आणि हवा भरायला येताना एकटे येऊ नका.