हरणाऱ्याची घंटा

मित्रांनो, मी गोट्यांच्या खेळाची एक जुनी पाटी आहे. खिळ्यांमधून गोटी वर सोडायची आणि माझ्यावरच्या छोट्या किल्ल्याच्या दारात घालायची, एवढाच खेळ. आज खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या माळ्यावर धूळ खाते आहे.

मध्यप्रदेश नवा नवा झाला, तेव्हा जुन्या इंदुरातल्या दिनानाथ कारागिरानं मला घडवलं. गोटी आत गेली की दार खरोखर उघडायचं आणि मोठी घंटा वाजायची. हुकली तर खाली एक बारीक घंटा किणकिणायची. "जिंकणारा खूशच असतो, लीला," तो बायकोला म्हणायचा, "हरणाऱ्यालाही पुन्हा खेळावंसं वाटलं पाहिजे." त्या बारीक घंटेपायी बिचाऱ्यानं तीन महिने घातले.

इंदुरातल्याच तुकोगंजमधल्या ऑफिसात कंपनीचे मालक जयसिंगराव माझ्याशी दहा वेळा खेळले. मग म्हणाले, "दिनानाथजी, चीज बढिया आहे. पण हरणाऱ्याला घंटी कशाला? बजेटमध्ये बसत नाही. दोन्ही काढा, दार नुसतं रंगवा."

"मग खेळ काय उरला, साहेब?"

"डबा आहे ना! त्यावर चित्र छान काढू."

दिनानाथच्या हाताखाली चार कारागीर होते, त्यांची पोटं होती. तो बिनघंटेच्या पाट्या करायला लागला.

माझी पाचशे भावंडं निघाली, सगळी मुकी. आणि मला मात्र घंटांसकट राजवाड्याजवळच्या दुकानात दर्शनी मांडलं! मुलं माझ्याशी खेळत, हट्ट धरत आणि मुका डबा घरी नेत. मीही मेली खुशाल वाजत राहिले.

एकदा जयसिंगराव आणि दिनानाथ दुकानात असताना भानुमती नावाची चिमुरडी डबा घेऊन परत आली. दुकानदाराला म्हणाली, "भिया, माझं दार उघडतच नाही." रंगवलेलं दार तिनं नखांनी खरवडून काढलं होतं.

दुकानदार हसला. "अरे बेटा, वो तो सॅम्पल है!"

दिनानाथचा चेहरा उतरला. "साहेब, सगळ्यांत घंटा घाला, नाहीतर ही नमुन्याची पाटी इथून उठवा."

"ही उठवली तर माल कोण घेईल?"

दिनानाथनं स्क्रू काढायला पेचकस मागितला. सगळ्यांदेखत माझ्या दोन्ही घंटा काढल्या, दाराला खिळा ठोकला. मला फार दुखलं, पण खोटं बोलणं थांबलं. बारीक घंटा त्यानं तिथेच भानुमतीच्या डब्यात बसवून दिली.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. माल पडून राहिला, तेव्हा कंपनी म्हणाली, दिनानाथचा खेळच फालतू होता.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका हवं तर. पण खेळ घरी नेण्याआधी डबा तिथेच उघडून बघा. आत हरणाऱ्याची घंटा निघाली, तर ती बसवणाऱ्याचं नाव विचारा. दिनानाथचं कुणीच विचारलं नाही.