पट्टा बांधल्यावर बोललेलं

मी बीपीचं मशीन बोलतोय. जुनं, पाऱ्याचं. हल्ली बटण दाबलं की आकडा दाखवून मोकळी होणारी मशिनं निघाली आहेत, त्यांच्यातला मी नव्हे. माझा पट्टा दंडाला गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, मग डॉक्टरांनी स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घालून ठोके ऐकायचे. काम सावकाशीचं. सध्या किन्हवलीतल्या एका दवाखान्यात औषधांच्या कपाटावर पडून आहे. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो.

सुनिल डॉक्टरांनी दवाखाना उघडला त्याच आठवड्यात मला आणलं. डोळखांबकडच्या पाड्यांवरून माणसं यायची आणि बाई असो की बाप्या, सगळ्यांना एकच आजार असायचा, अशक्तपणा. ताकदीची सुई द्या, म्हणायचे. डॉक्टरही सुरुवातीला द्यायचे. खरं दुखणं पोटातच ठेवून माणसं परत जायची आणि पंधरा दिवसांनी तोच अशक्तपणा घेऊन यायची.

एकदा गुणाबाई नावाची बाई डोकं दुखतं म्हणून आली. डॉक्टरांनी पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या. ती समोरच्या भिंतीकडे बघून हळूच पुटपुटली, "अंगावरनं पांढरं जातं, चार महिने झाले. सांगू तरी कोनाला?"

तिला वाटलं, कानात नळ्या आहेत म्हणजे डॉक्टरांना ऐकू येत नाही. डॉक्टरांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी माझी हवा नेहमीपेक्षा सावकाश सोडली, नळ्या काढल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुणाबाई, बऱ्याच बायांना अंगावरून जायचा त्रास असतो. मी सगळ्यांनाच विचारतो. तुम्हाला आहे का?"

तिने मान खाली घालूनच हलवली. डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या दिल्या, तिला आणि तिच्या नवऱ्यालाही. एकट्या बाईने घेऊन भागत नाही, असं त्याला बोलावून समजावलं.

त्या दिवशी डॉक्टरांना युक्ती सापडली. बीपी बघायची गरज नसली तरी ते मला उघडायचे. बरोबरच्या माणसाला औषधं घ्यायला बाहेर पाठवायचे, नळ्या कानात घालायचे आणि हवा न भरता नुसते बसून राहायचे. माणसं भिंतीशी बोलायची. ही फसवणूकच म्हणा, पण मला तिची कधी लाज वाटली नाही. मग नळ्या काढून ते झोप विचारायचे, भूक विचारायचे, लघवीचं विचारायचे आणि त्याच सुरात नवरा-बायकोचंही. हसायचे नाहीत आणि बाहेर शब्द काढायचे नाहीत.

दिवाळीनंतर सूरज आला. विशीतला, लग्न होऊन दोन वर्षं झालेला. बोलत होती त्याची आई, प्रेमाबाई. "सुनेची कूस काय उजवत नाय. होळीपर्यंत बघू, नायतर माहेरी धाडू. आन याला अशक्तपणा हाय, सुई द्या."

डॉक्टरांनी तिला बाहेर पाठवलं आणि पट्टा बांधला. सूरज भिंतीला म्हणाला, "माझ्या बायकोत, रविनात खोट नाय. माझ्याच्यानंच काय होत नाय. जत्रेतल्या तंबूतल्या पुड्या पन खाल्ल्या."

नळ्या काढून डॉक्टरांनी विचारलं, "लग्न झालेल्या पोरांना मी हे विचारतोच. बायकोजवळ जाताना काही अडचण येते का?"

त्याने मान हलवली.

"महिन्याला तीन-चार पोरं येतात अशी. यात तुझा गुन्हा नाही, इलाज असतो. साखर तपासू, त्या पुड्या बंद कर. पुढच्या वेळी रविनाला घेऊन ये."

"आईला नाय ना सांगनार?"

"तू सांगितल्याशिवाय कोणालाच नाही."

पुढची वेळ आलीच नाही. त्याच पंधरवड्यात सुनिल डॉक्टर झोपेत गेले. दवाखाना त्यांच्या मुलीने, दामिनीबाईंनी चालवायला घेतला. पोरगी हुशार आहे, मन लावून तपासते. पारा विषारी असतो म्हणून तिने मला पहिल्याच दिवशी कपाटावर ठेवलं, तेही बरोबरच आहे. पण तिच्या मशिनाला कानात नळ्या घालाव्या लागत नाहीत. बटण दाबते, आकडा बघते, नॉर्मल म्हणते. माणसं अशक्तपणा सांगतात आणि लाल गोळ्या घेऊन जातात. वरून मला त्यांच्या टाळूच दिसतात. कोणाच्या दंडाची ऊब लागून चार महिने झाले, फार एकटं वाटतं.

आज होळीचा तिसरा दिवस. सूरज आत्ता आत आलाय. एकटाच.

"चक्कर येते, मॅडम. बीपी बघा."

दामिनीबाईंनी बघितलं. "नॉर्मल आहे. जेवला होतास का?"

"नाय. बायकोला माहेरी पोचवायची हाय. ती ष्टँडवर बसलीय, साडेचारची मुरबाड गाडी हाय."

"मग आधी काहीतरी खाऊन घे. गोळ्या लिहून देते."

चिठ्ठी हातात घेऊन तो उठत नाही. भिंतीकडे बघतोय. दामिनीबाईंचा हात पुढच्या पेशंटसाठी घंटीकडे चाललाय.

बाई, घंटी वाजवू नका. ष्टँडवर बसलेली ती पोर दुसऱ्याची खोट आपल्या माथी घेऊन निघाली आहे. खरं काय ते तुमच्या वडिलांना माहीत होतं आणि मला माहीत आहे. ते राहिले नाहीत आणि मला तोंड नाही. तो आपण होऊन सांगणार नाही, त्याला तुम्हीच विचारा. झोप विचारा, भूक विचारा आणि त्याच सुरात तेही विचारा.

चार वाजून दहा मिनिटं झालीत. गाडीला अजून वीस मिनिटं आहेत.