त्रिशलेचं मोजलेलं ताट

टण्णकन तराजूचं पारडं फरशीवर टेकलं आणि दुपारभर जपलेली शांतता मोडली. पाळण्यातलं बाळ चुळबुळलं. त्रिशला श्वास रोखून बसली. बाळ रडलं नाही, नुसतेच ओठ चोखत राहिलं. तेच तिला बघवत नव्हतं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं होतं. "गुंजभर वाढलेलं नाही. अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या पोटात रोज भाकरी-भातातलं पिठूळ किती जातं, प्रथिनं किती, तेल-तूप किती, मोजून बघा. प्रथिनं तरी नऊ तोळे हवीत. दूध वाढलं नाही, तर वरचं दूध द्यावं लागेल." वरच्या दुधावर एवढासा जीव कसा तगायचा, या धास्तीनं ती घरी आली ती नवऱ्याच्या दुकानातला जुना तराजू मागवूनच.

"नऊ तोळं डाळ. झालं की," ती म्हणाली.

जेवायला आलेले तिचे यजमान दादासो हात पुसत थांबले. "डाळ म्हंजे समदं प्रथिन न्हवं. चौथाई धर, असं बाई म्हणाल्या न्हाईत का?"

"मग उरल्याली डाळ काय हाय?"

"पिठूळ, बहुतेक."

"म्हंजे ती भाकरीच्या हिशेबात?"

"धर की."

"आणि शेंगदाणं?"

"त्यात तेल बी हाय, प्रथिन बी."

"आणि दूध?"

"दुधात तिन्ही." दादासोंनी टोपी चढवली. "ह्यापरास माझं दुकान बरं. तिथं शेर म्हंजे शेर."

आतून सासूबाई, आक्का, म्हणाल्या, "घरात एक दुकानदार हाय त्यो पुरं न्हाई व्हय गं?"

त्रिशला हसली, पण डोकं भणभणलं होतं. पीठ तोललं तर कमी, तीच भाकरी तोलली तर जास्त. मधे पाणी शिरलं ते कुणाच्या खात्यात? आणि मुळात ती स्वतः रोज किती खायची? सगळ्यांची पंगत उठल्यावर भांड्याच्या तळाला राहील ते तिचं, थोरल्या लेकीनं, चंपानं टाकलेला तुकडा तिचा. ते कधी कुणी तोललं होतं?

म्हणून संध्याकाळी तिनं आक्रीत केलं. सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढलं. भाकऱ्या, घट्ट डाळ, तेल सोडलेली शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही, तूप. सगळं तोलून. पाच वर्षांच्या चंपानं विचारलं तेव्हा सांगितलं, "हे बाळाच्या दुधासाठी," आणि ताट झाकून फळीवर ठेवलं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही त्यांची जैनांची रीत. सगळे जेवून उठले. त्रिशला ताटाकडं वळणार, तोच दारातून हाक आली, "हायसा का घरात?" उचगावहून आक्कांचे भाऊ आले होते, चालून दमलेले.

"दिवस बुडाय लागलाय. पावण्याला आधी वाढ," आक्का म्हणाल्या.

त्रिशलेचा हात आपसूक फळीकडं गेला. विचार नंतर आला, तोवर मामा पाटावर बसून भाकरी मोडत होते.

"बेत झ्याक हाय, सूनबाई. आमच्याकडं डाळ पाण्यात पोहती."

ते हात धुऊन उठले तेव्हा परसातल्या भिंतीवरचं ऊन गेलं होतं. आक्कांनी दिवा लावला. "तू जेवलीस न्हवं गं?"

"व्हय, आक्का." हेही सवयीनंच आलं.

बाळाला पदराखाली घेऊन ती भिंतीला टेकली. त्या ताटात काय होतं ते तिला गुंजेच्या हिशेबानं माहीत होतं. पोटात काय गेलं, ते मात्र जुळेना. सकाळचा भाकरीचा तुकडा, घोटभर ताक, चंपाचा उरलेला भात. चौथाई कशाची धरायची?

चंपा येऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली.

"आई, ते ताट बाळाच्या दुधाचं होतं न्हवं?"

"व्हय गं."

"ते तर मामाआजोबांनी खाल्लं. मग आता बाळाला दूध कोण देणार?"