सतरा नंबरच्या प्लॉटवरचा पांडव

मी एक जुना दगड आहे आणि मित्रांनो, माझा स्वभाव मुळीच गोड नाही. माझ्या जागी असता ना, तर तुम्हीही असेच झाला असता!

कडूबाईंच्या सासूने आम्हा पाच भावांना गोदावरीच्या पात्रातून पदरात बांधून आणले आणि गंगाखेडजवळच्या शेतात बोरीखाली मांडले. दर वर्षी मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्हाला चुना फासायचा, पाच पांडव म्हणून पुजायचे, वर कडब्याची खोप उभारायची आणि गावाला आंबील-भजी जेवू घालायची. काय तो माझा थाट! उरलेले वर्षभर शेळ्या माझ्यावर पाय देऊन बोरीचा पाला खायच्या. तेही मी सोसले.

सासूच्या मागे वाटणी झाली. बोरीकडचे शेत विधवा कडूबाईंचे, रस्त्याकडचे त्यांचे दीर आप्पाराव यांचे. पंच्याऐंशी साली आप्पारावांनी प्लॉट पाडायला काढले. कडूबाई लेकीच्या बाळंतपणाला राणीसावरगावला गेल्या होत्या. तेवढ्यात यांनी मधला बांध मोडला, बोर मुळासकट उपटली आणि वहिनीच्या शेतातही नंबर टाकले!

खुणांना दगड कमी पडले. मुकादम परका, त्याला आम्ही आयते पांढरे सापडलो. त्याने आम्हाला पाच प्लॉटच्या कोपऱ्यांत गाडले. आप्पारावांना ठाऊक होते आम्ही कोण ते. ते नुसते हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

वेळ अमावस्येला कडूबाई डोक्यावर आंबिलाचे मडके घेऊन आल्या. मागे निम्मे गाव.

"भावजी, पांडवं कुठं हायती?"

"कसले पांडव, वहिनी? तुमचं शेत तिकडं, वढ्याकडं. लय इसरायलाव तुमी आता."

"आंबील करायची न्हाई इसरले."

त्यांनी मडके उतरवले, खुरपे घेतले आणि एकेका कोपऱ्यातून आम्हाला उकरून काढले. माझा टवका उडालेला आहे, मला तर लांबूनच ओळखले. मग बोरीच्या जागी बसून त्यांनी काळी माती खरवडली. खाली पाच पांढरे चट्टे निघाले. इतक्या वर्षांचा चुना मातीत मुरला होता.

"बघा रे समदे! का ह्ये बी मलाच दिसायलंय?"

त्या चट्ट्यांवर आम्ही पुन्हा बसलो. जागा निघाली सतरा नंबरची. तो प्लॉट घेणारे किशनराव मास्तर तिथेच उभे होते.

"मास्तर, फेका ते दगड. जागा तुमची हाय," आप्पाराव ओरडले.

मास्तर वाकले नाहीत. कडूबाईंनी त्यांच्यापुढे द्रोण धरला. "बसा. पाव्हणे म्हणून पोटभर जेवा. मालक म्हणून घोटभर न्हाई."

मास्तर जेवले. उठून त्यांनी सतरा नंबरची खुंटी उपटली आणि आप्पारावांच्या हातात दिली.

बाकीच्या नंबरांचा दावा परभणीच्या कोर्टात चालू आहे. मी इथून हललेलो नाही. मित्रांनो, शेतातला दगड उचलण्याआधी तो कुणी मांडला ते विचारत जा. शेळीचा पाय मी सोसतो, चोराचा नाही. त्या दिवशी तणतणत जाताना आप्पारावांच्या अंगठ्याचे नख गेले ना, ती ठेच माझीच!