ओला पत्रा, कोरडा पत्रा

अकरावा

बुद्धरत्नने पत्र्यावर बादली उलटी केली आणि पाणी पन्हळींतून ओघळून वळचणीला येईपर्यंत हुकाला हात लावला नाही. सिमेंटचा राखाडी पत्रा भिजून काळा पडला. मग त्याने पाना लावला.

खाली अंगणात त्याची वहिनी, सोजराबाई, डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"भावजी, पत्रा काढताय का आंघोळ घालताय त्याला?"

"घालू द्या, वहिनी. अठरा वर्षांत कुणी घातली न्हाई."

शिडीवर उभा असलेला खंडू हसला. दोघांच्या तोंडावर मास्क होते, म्हणून हसू फक्त डोळ्यांत दिसलं. वीस वर्षं दोघं मिळून चाकण पट्ट्यातल्या शेडवर पत्रे चढवत आले होते. रविवारी दोघं फुकट काम करतायत, हे पहिल्यांदाच.

पत्रे बसतात वळचणीकडून वर. निघतात उलटे. शेवटी बसलेला आधी निघतो. म्हणून अकरावा पहिला.

दहावा

अखंड निघाला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

आठवा

तीन आठवड्यांपूर्वी एका कंपनीत त्यांचं नवं काम सुरू झालं होतं. शेडचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवून रंगीत लोखंडी पत्रे घालायचे, त्यावर सोलर. हिरव्या पानाचं चित्र असलेला फलक गेटवर आधीच लागला होता. पहिल्या दिवशी सेफ्टीच्या मिनल मॅडमनी सगळ्यांना सावलीत बसवलं.

"या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे," ती म्हणाली. "अखंड आहे तोवर फार काही नाही. फुटला, घासला, कापला की धूळ उडते. ती छातीत गेली की बाहेर येत नाही. वीस-तीस वर्षांनीसुद्धा त्रास होतो. म्हणून आधी भिजवायचा, कापायचा नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. तो वेगळ्या जागी पुरायला जाणार. कोरडा पत्रा कापलाय का कुणी कधी?"

"मॅडम," खंडू म्हणाला, "ओला कापलाय का कुणी, ते विचारा."

सगळे हसले. बुद्धरत्नही हसला.

"ओला कापला की आरी कुरकुरते," तो म्हणाला. "कोरडा कापला की किंचाळते. दोन गल्ल्या लांबून सांगेन."

मिनलने लिहून घ्यायला वही उघडली, आणि काही न लिहिता मिटली. त्यानंतर बुद्धरत्न हसला नाही. डबा खातानाही नाही.

सहावा

सहाव्या पत्र्यावर चार बुजवलेली भोकं होती. त्याने पाणी ओतलं तेव्हा ती आधी काळी झाली, मग भोवतालच्या पत्र्यात मिसळून गेली. एका बुजवणीवर बोटाचा ठसा होता. बारीक बोट, बाईचं.

अठरा वर्षांपूर्वी एका शेडचे पत्रे असेच बदलले होते. तेव्हा उतरवलेला अखंड पत्रा कामगारांचा, ही रीतच होती. कुणी गोठ्याला नेई, कुणी न्हाणीला. अखंड पत्रा टाकायचा नसतो, त्याला घर मिळतंच, असं बुद्धरत्न प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. त्याने अकरा पत्रे टेम्पोत घालून खराबवाडीला, थोरल्या भावाच्या, भिवाच्या, घराच्या भिंतींवर आणून टाकले होते. भिवा आरी चालवत होता. खाली पडलेला पांढरा भुगा सोजराबाई हातांनी परातीत गोळा करत होती, आणि जुन्या हुकांची भोकं बुजवायला त्यात सिमेंट घालून मळत होती.

ते मळायला तिला बुद्धरत्नने शिकवलं होतं. नुसतं सिमेंट तडकतं, वहिनी, त्याच पत्र्याचा भुगा घाला, पत्र्याशी जमून जातं.

जमून गेलं होतं. अठरा पावसाळ्यांत एक थेंब आला नव्हता.

चौथा

"हा ह्यांनी कापलेला," सोजराबाई खालून म्हणाली. "कड वाकडी हाय बघा. तुमी किती हसला होता तवा."

बुद्धरत्नने कड पाहिली. वाकडी होती.

भिवाला जाऊन चार वर्षं झाली होती. आधी खोकला, मग टीबीची औषधं, मग टीबी नाहीच असं सांगणारा कागद. तो आयुष्यभर फाउंड्रीत होता, तिथेही धूळच. कशानं गेला ते कुणी नीट सांगितलं नाही, आणि घरातल्या कुणी फार विचारलंही नाही.

"भावजी, खरं सांगा. चांगलं छप्पर कशाला उतरवताय?"

खंडूने शिडीवरून बुद्धरत्नकडे पाहिलं. ते वाक्य तीन आठवडे बुद्धरत्नच्या तोंडात तयार होतं. त्याने मास्क नाकावर नीट दाबून बसवला.

"रंगीत पत्र्याखाली गार वाटतं, वहिनी. ठेकेदाराकडं उरलेत, म्हणून."

"आन् हे?"

"जुने झाले."

"आपून न्हाई का झालो," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आत आता वर आभाळ होतं.

पहिला

वळचणीचा पत्रा सगळ्यात जड. दोघांनी तो दोराने सोडला आणि मागच्या अंगणात आधीच्या दहा पत्र्यांवर ठेवला. एकही तडकला नव्हता. बुद्धरत्नने वरून अजून दोन बादल्या ओतल्या.

उद्या पत्रे पुरायला नेणारा कंपनीचा शेवटचा ट्रक निघणार होता. मिनल मॅडमला त्याने शुक्रवारी गाठलं होतं. "घरचे पत्रे घेता येत नाहीत हो, काका," ती म्हणाली होती, आणि मग थोडं थांबून, "गुंडाळून आणा. बघते मी." पण प्लास्टिक अर्ध्यांनाच पुरलं असतं. टेम्पोही आणायचा होता, नवे पत्रेही.

"वहिनी, तासाभरात आलो. पत्र्यांना हात लावू नका."

"मी कशाला लावतीय?"

पुन्हा पहिला

तासाभराचे दोन तास झाले. प्लास्टिकची गुंडाळी खांद्यावर घेऊन बुद्धरत्न मागच्या अंगणात आला, तर जमिनीवर फक्त ओला चौकोन होता.

"वहिनी!"

"आले, आले." ती पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी असा उजळलेला होता. "विहारातले आले होते. पोरांच्या अभ्यासिकेवर नुसती ताडपत्री हाय, फाटून गेलीय. आठ जणांनी उचलून नेले. मी बोटसुद्धा न्हाई लावलं. सांगितलं होतं ना तुमी."

"दिले?"

"दान दिले. ह्यांच्या नावानं. भिंतीवर नाव लिहिणारेत." ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. "तुमीच म्हणायचा की, अखंड पत्र्याला घर मिळतंच. का, कुणाला कबूल केले होते?"

तेवढ्यात तो आवाज आला. दोन गल्ल्या पलीकडून, लांब, बारीक, थांबून पुन्हा. अभ्यासिकेची खोली पत्र्याहून आखूड होती.

मागून आलेल्या खंडूने बुद्धरत्नकडे पाहिलं. दुपारच्या उन्हात पत्रे केव्हाच सुकले होते.

"पळ," बुद्धरत्न म्हणाला. "पोरांना लांब कर आधी. मी पाणी घेऊन येतो."

खंडू पळाला. बुद्धरत्नने नळाखाली बादली लावली. पाणी बारीक येत होतं. बादली भरायला वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ तिथे उभं राहण्यावाचून त्याला दुसरं काम नव्हतं.

"भावजी, झालं काय? मला कळू तरी द्या."

त्याने मास्क हनुवटीखाली ओढला. तीन आठवडे तयार असलेलं वाक्य आता तिथे नव्हतं. तिच्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. पदरात पुसूनही बोटांच्या टोकांना भाकरीचं पीठ राहिलं होतं.

"वहिनी, जरा बसा."

ती उंबऱ्यावर बसली. डोक्यावर छप्पर नव्हतं, उंबरा उन्हातच होता.

पलीकडे आरी थांबली. बादली भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, आणि सोजराबाई त्याच्याकडे पाहत राहिली.